शिसवी दिसणारा कोच

मी आयुष्यात केलेली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे एक कोच. तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा, पाठ जराशी मागे कललेली, पाय खाली निमुळते होत गेलेले, आणि पाठीला व हातांखाली कातीव दांड्यांची रांग. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो मांडला तेव्हा चाळीतली माणसं काही ना काही निमित्त काढून दारातून डोकावून गेली. त्या कोचाची मला आजही लाज वाटते. तो खोटा होता, हे खरंच. आत देवदारी खोक्यांच्या फळ्या आणि वर शिसवाचा रंग. पण असल्या खोटेपणाची लाज फार दिवस टिकत नाही, उलट चार लोकांत सांगून हशा मिळवता येतो. मीही पुष्कळ वर्षं तो किस्सा तेवढाच सांगत आलो. पुढचा भाग गाळायचो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी फोर्टातल्या एका ऑफिसात ट्रेसर होतो. आमचं ऑफिस बड्या लोकांच्या दिवाणखान्यांसाठी फर्निचरचे नकाशे करायचं. वरचे साहेब पेन्सिलीने काढायचे, मी त्यावर ट्रेसिंगचं कापड अंथरून शाईने गिरवायचो. कुठे मलबार हिलवरच्या बंगल्याचं जेवणाचं टेबल, कुठे एखाद्या गिरणीमालकाच्या मुलीला लग्नात द्यायचा आरसा. वर्षभर लोकांच्या खुर्च्यांचे पाय गिरवले की माणसाला आपल्या घरातली चटई टोचायला लागते. मला लागली. आमच्याकडे बसायला दोन चटया, एक सतरंजी आणि एक घडीची खुर्ची होती. त्या खुर्चीवर पाहुण्याला बसवताना दादा त्याला आधी सांगायचा, "उजवीकडे जरा कमी टेका."

दादा माझा मोठा भाऊ. आई-वडील मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून मला सांभाळलं ते दादाने आणि वहिनीने. दादा कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात कारकून होता. तिथे यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना सरपणाला मिळत. दादाही आणायचा. एके दिवशी त्यातली एक गुळगुळीत फळी मी चुलीतून वाचवली आणि तिचं कोपऱ्यात बसवायचं फडताळ केलं. तिथून मला जे वेड लागलं ते लागलंच. चहाच्या रिकाम्या खोक्याचा स्टूल केला. त्यावर बसलं की कपड्यांना दोन दिवस चहाचा वास यायचा. दिव्याची शेड केली, ती पेटता पेटता राहिली. ऑफिसात जे गिरवायचं ते घरी येऊन स्वस्तात उतरवायचं, असा माझा कारभार. दादा घरात शिरताना दारातूनच विचारायचा, "साहेब, आज बसायची परवानगी आहे की सरस ओला आहे?"

वहिनी मात्र थट्टा करायची नाही. ती माझ्या कारखान्यातली एकुलती एक कामगार होती. लाकूड जोडायचा सरस शिजवायला तिने ओट्याच्या टोकाला वेगळी शेगडी काढून दिली. सरसाचा वास काय असतो हे ज्याने घेतला त्यालाच कळेल. ती पदर नाकाला लावून ढवळायची आणि "तुमचं लग्न झालं की ही भानगड तुमच्या बायकोकडे," म्हणायची. देवदाराच्या पांढऱ्याफटक लाकडाला काळपट लाल रंग कसा आणायचा, हे मला सुचेना. तिने विड्याचा कात पाण्यात उकळला, त्यात समईवर धरलेली काजळी मिसळली आणि चिंधीने एका फळीवर चोळून दाखवलं. वाळल्यावर त्यावर मी चपडा लाखेचं पॉलिश मारलं. लांबून बघणाऱ्याने शिसवच म्हटलं असतं. मला वाटतं, त्या दिवशी मी तिच्या पाया पडायचा तेवढा राहिलो.

आता वहिनीचं सांगायला हवं. ती आमच्या घरात आली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. तिचे वडील अलिबागजवळच्या एका गावात राहायचे. त्यांना इतका आनंद झाला की गावच्या सुताराकडून त्यांनी सागवानी पाळणा करून घेतला आणि सातव्या महिन्यातच इकडे पाठवून दिला. मूल जन्मायच्या आधी पाळणा घरात आणू नये, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. राहवलं नाही, एवढंच. पाळणा फार सुरेख होता. चारी बाजूंना कातीव दांडे, त्यांवर लाखेचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे. तो आल्यावर आठ दिवसांतच वहिनीचं पोटातलं मूल गेलं. लोक जे बोलायचं ते बोलले, तिच्या वडिलांच्या कानावरही ते गेलं. पुढच्या वर्षी तेही गेले.

पाळणा जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला. दर दिवाळीला वहिनी तो खाली उतरवायची, तेलाच्या बोटाने दांडा न् दांडा पुसायची आणि परत वर ठेवायची. आमच्या चाळीत पाळणा कुणी विकत घेत नसे. एकाचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे असा फिरायचा. शेजारच्या काकूंनी सुनेच्या बाळंतपणात वहिनीकडे तो मागितला. वहिनीने दिला नाही. कधी कुणाला मिठाला नाही म्हणाली नसेल अशी बाई, पण पाळणा दिला नाही. "पोर ना बाळ, आणि पाळणा अडकवून ठेवलाय," असं काकू विहिरीवर बोलल्या, ते तिच्यापर्यंत पोचलं. तरी तिने दिला नाही. दर संकष्टीला ती उपास धरून टिटवाळ्याला जायची. काय मागायला जाते, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलायचं नाही. लग्नाला दहा वर्षं होत आली होती.

हे सगळं मला माहीत होतं. नीट माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बाजूने कुणी सबब शोधायला नको.

त्या वर्षी दादाने माझ्यासाठी ठाण्याची एक मुलगी पाहिली. आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. खोपटच्या बाजूला त्यांचं बसकं कौलारू घर होतं. बाहेरून साधंच, पण आत सोफासेट. खरा, मुंबईहून आणलेला. मुलीने पोह्यांची बशी माझ्या हातात देताना माझ्याकडे सरळ पाहिलं, खाली मान घालून नाही. मला ती तिथेच पसंत पडली. मुलीच्या वडिलांनी दादाला म्हटलं, "आम्हीही एकदा येऊन घर बघून जाऊ. पद्धत आहे ना." तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला.

परतताना दादा खुशीत होता आणि मला घाम फुटला होता. ज्या मुलीच्या घरात सोफासेट आहे तिच्या बापाला मी उजवीकडे कमी टेका म्हणून सांगायचं? मी त्याच आठवड्यात ऑफिसात एका गिरणीमालकाच्या कोचाचा नकाशा गिरवत होतो. विलायतेच्या कुठल्याशा पुस्तकावरून साहेबांनी तो काढला होता. त्याची मापं मी डायरीत उतरवून आणली आणि कामाला लागलो.

सांगाडा देवदाराचा झाला. बैठकीला चहाच्या खोक्यांचं प्लायवूड, त्यावर काथ्या, त्यावर गोणपाट. वहिनीने मांजरपाट डाळिंबी रंगात रंगवून खोळी शिवल्या, कडेला दोरा घालून गोट काढला, इतका सरळ की मशीनवर मारल्यासारखा. अडलं ते दांड्यांवर. त्या कोचाचा सगळा तोरा त्याच्या बारीक कातीव दांड्यांत होता. ते हाताने होत नाहीत, त्याला लाकूड फिरवून कातायचा चरक लागतो. कल्याणला एका सुताराकडे चरक होता. तो म्हणाला, "महिना लागेल." मी बांबूच्या काठ्या कापून लावून पाहिल्या. दादाने एकदाच मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, "यात कोंबड्या कधी सोडायच्या?" मी रागाने त्या काठ्या उपटून अंगणात फेकल्या. मला तेव्हा फार चटकन राग यायचा आणि दुसऱ्याच्या हसण्याचा तर जास्तच.

त्या रागातच मला पाळणा आठवला.

रविवार होता आणि नेमकी संकष्टी. वहिनी सकाळीच टिटवाळ्याला गेली होती, दादा तिला सोबत म्हणून. मी शिडी लावून माळ्यावर चढलो. लुगडं सोडलं. दांडे मोजले, बावीस होते. उंची मोजली. कोचाला हवी तेवढीच, वर बोटभर जास्त. मला खरोखर आनंद झाला. नकाशा काढणाऱ्याने जणू हाच पाळणा समोर ठेवून मापं घेतली होती.

तिला विचारावं, हे मनात आलं नाही असं नाही. आलं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, याचीही मला खात्री होती, कारण माझ्या लग्नाचा प्रश्न होता. पण हो म्हणताना तिचा चेहरा मला बघावा लागला असता. तो मला बघायचा नव्हता. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक वाक्य होतं. दहा वर्षं झाली, आता हिला कशाला लागतोय पाळणा. मी ते कधी तोंडाने बोललो नव्हतो. बोलायचं धाडसही झालं नसतं. पण माझा हात पटाशीकडे गेला तो त्या वाक्याच्या जोरावर. आई गेल्यावर जिने मला वरणभात भरवला होता, तिच्याबद्दल मी हे मनात धरून होतो.

सुताराने सांधे फार इमानाने बसवले होते. एकेक दांडा सोडवायला ठोकावं लागलं. मग बाहेरच्या ओट्यावर बसून मी काचेच्या तुकड्याने लाखेचा रंग खरवडायला लागलो. लाल, पिवळा, हिरवा भुसा माझ्या पायांपाशी साठत गेला.

दुपारी ती दोघं परत आली. दादा हातपाय धुवायला विहिरीवर गेला. वहिनी प्रसादाची पुडी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "छान आहेत दांडे," ती म्हणाली. "कुठे मिळाले, भावोजी?"

"कल्याणला. वखारीत," मी म्हणालो. मान वर केली नाही.

"हो का."

तिने प्रसाद माझ्या हातावर ठेवला. आत गेली, केरसुणी आणि सूप घेऊन आली आणि माझ्या पायांपाशी बसून तो रंगीत भुसा भरायला लागली. "पायाला लागून घरभर होईल," एवढंच बोलली. तिला कळलं नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली. उन्हात लाल, पिवळा, हिरवा रंग तिच्या सुपात पडला होता आणि तिला कळलं नाही. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो!

पुढच्या आठवड्यात कोच पुरा झाला. मी दांड्यांना कात-काजळी चोळली, सगळ्यावर मिळून पॉलिशचे दहा हात दिले. पाळण्याचा उरलेला सांगाडा लुगड्यात तसाच बांधून मी वर ठेवून दिला होता, बाहेरून पूर्वीसारखा दिसेल असा. आणि कोच, खरं सांगतो, अप्रतिम दिसत होता. दादाने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि पहिल्यांदा थट्टा न करता म्हणाला, "अरे, हे तू केलंस?" मला त्या क्षणी कसली म्हणून टोचणी नव्हती. होता तो नुसता गर्व.

पाहुणे ठरल्या रविवारी आले. मुलीचे वडील, आई आणि वडिलांची थोरली बहीण. या आत्याबाईंचा त्या घरात शब्द चालायचा, हे मी ठाण्यालाच बघितलं होतं. आमच्याकडून मदतीला म्हणून शेजारच्या काकू स्वतःहून येऊन बसल्या होत्या. तिघं पाहुणे कोचावर बसले. कोच करकरला नाही, हलला नाही.

"वा," मुलीचे वडील कोचाच्या हातावर थाप मारून म्हणाले. "शिसवी दिसतोय. कुठून घेतलात?"

मी केला, असं सांगता आलं असतं. ट्रेसरच्या हातात एवढी कला आहे म्हटल्यावर कदाचित ते जास्तच खूश झाले असते. पण माझ्या तोंडून निघालं, "फोर्टातून. ऑफिसच्या ओळखीने." दादा खोकला. त्याने खिडकीबाहेर बघितलं.

आत्याबाई कडेला बसल्या होत्या. त्यांचा हात कोचाच्या कडेच्या दांड्यांवरून खालीवर फिरत होता, अगदी सवयीने फिरावा तसा. मग तो एका जागी थांबला. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. दांड्याच्या खाचेत, काच पोचली नव्हती तिथे, लाखेची लाल रेघ राहिली होती.

"हे पाळण्याचे दांडे आहेत," त्या म्हणाल्या.

दादा खिडकीकडून मागे वळला.

"मी भावाबहिणींची मिळून दहा पोरं जोजवली आहेत. मला सांगू नका." त्या माझ्याकडे वळल्या. "कुणाचा पाळणा मोडलात? आणि लग्न ठरायच्या घरात पाळणा मोडतात का हो कुणी? आमची पोर या घरात द्यायची आहे." मुलीच्या आईने बशी खाली ठेवली. वडील कोचावरून थोडे पुढे सरकून बसले, उठायच्या तयारीत असल्यासारखे. ठरलेलं सगळं निसटत होतं.

वहिनी आतून चहा घेऊन येत होती. तिने तबक खाली ठेवलं, पदर खांद्यावर नीट घेतला आणि आत्याबाईंच्या समोर उभी राहिली.

"माझा पाळणा तो," ती म्हणाली. "माझ्या माहेरचा. मीच दिला भावोजींना मोडायला. मला मूल होणार नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं. मग म्हटलं, आता मला कशाला लागतोय? माळ्यावर पडून राहण्यापेक्षा घराच्या उपयोगी पडू दे. तुमच्या मुलीला तिच्या माहेरचा नवा येईलच की. मोडला तो माझ्या नावाचा, आत्याबाई. त्याचं काही तिच्याकडे येत नाही."

ती बाजार सांगावा तशी बोलली. मी जमिनीकडे बघत होतो. माझं मनातलं वाक्य तिने शब्दाला शब्द उचलून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि तेही स्वतःबद्दल. दादाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टरचं तो पहिल्यांदा ऐकत होता. काकू दाराशी बसल्या होत्या, त्यांनी हनुवटीला बोट लावलं.

"असं होय," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. "बिचारी." आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

लग्न ठरलं. जाताना मुलीच्या वडिलांनी दादाला सांगितलं की अशी मनाची मोठी जाऊ मिळणं हे मुलीचं भाग्य.

ते गेल्यावर मी आत गेलो. वहिनी कपबशा विसळत होती. मी विचारलं, "वहिनी, कुठल्या डॉक्टरने सांगितलं?"

"कुठल्याच नाही. मी कुठे गेलेय डॉक्टरकडे!"

"मी परत बसवून देतो. सगळे दांडे काढून पाळणा होता तसा करून देतो."

"रंग खरवडलात ना तुम्ही," ती म्हणाली. तिने आणखी एक बशी विसळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दांड्यांचं मला एवढं नाही, भावोजी. त्या दिवशी मी विचारलं तर वखारीतले म्हणालात. ते नको होतं."

मी तिथेच रडायला हवं होतं. पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "चुकलं," आणि बाहेर जाऊन कोचावर बसलो, कारण बसायला दुसरी जागा नव्हती.

पुढच्या संकष्टीला वहिनी सकाळी इतर दिवसांसारखी आमच्याबरोबर जेवली. दादाने विचारलं, "आज जायचं नाही?" ती म्हणाली, "गुडघे दुखतात." तिचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं. त्यानंतर ती टिटवाळ्याला कधी गेली नाही. देवासमोर उभं राहून काय मागणार होती? चार लोकांत स्वतःच नाही म्हणून सांगून बसली होती, आणि शब्द फिरवावा तर माझं लग्न धोक्यात यायचं.

काकूंनी दोन दिवसांत चाळीला बातमी पुरवली. त्याआधी हळदीकुंकवाला बायका वहिनीच्या ओटीत नारळ घालताना "यंदा होईल हो," असं म्हणायच्या. त्यात टोचणी असेल, दया असेल, पण म्हणायच्या. आता ते बंद झालं. डोहाळजेवणांना तिला बोलावणं येईनासं झालं. आलं तरी ती फराळाचं करायला म्हणून आत बसायची आणि तिला कुणी बाहेर ये म्हणायचं नाही. आणि दादाने माझी थट्टा करणं सोडलं. एकदा मी खुंटाळा करत बसलो होतो, तर तो बाजूने जाताना काहीच बोलला नाही. मी मुद्दाम विचारलं, "कसा झालाय?" तो म्हणाला, "चांगला आहे." त्या दिवसानंतर मी पटाशी हातात धरली नाही.

माझी बायको घरात आली. तिचं आणि वहिनीचं पहिल्या आठवड्यापासून जमलं. कोच तीन पावसाळे टिकला. मग देवदाराला ओल लागली, एक पाय खचला, आणि दादाने तो तोडून बंबात घातला. मी त्या दिवशी ऑफिसला होतो. आल्यावर भिंतीपाशी मोकळी जागा दिसली. मी तिथे चटई अंथरून बसलो.

त्याच वर्षी आमची मुलगी झाली. बाळंतपण ठाण्याला झालं आणि बाराव्या दिवशी बारसंही तिथेच. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. आम्हाला बहीण नाही. बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं की नाव वहिनीच ठेवतील. वहिनीने पंधरा दिवस बसून एक कुंची शिवली, जरीच्या काठाची, आतून मऊ मलमलीचं अस्तर. नावही तिनेच सुचवलेलं होतं. आदल्या दिवशी मला हळूच विचारलं, "कानात सांगताना बाळ दचकतं का हो?" मी म्हणालो, "मला काय माहीत!" आम्ही दोघं हसलो. त्या रविवारनंतर आम्ही दोघं असे एकत्र हसलो नव्हतो.

नवा पाळणा छताच्या कडीला टांगला होता, फुलं लावली होती. बायका जमल्या. वहिनी कुंची हातावर घेऊन पाळण्याकडे गेली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "तिने नको हो." आवाज दुष्ट नव्हता. म्हातारी खरोखरच घाबरत होती. "राग मानू नको बाई, पण तुझ्याच तोंडून ऐकलेलं आहे आम्ही. पहिलंच लेकरू आहे." मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. "काय जावईबापू? चुकतंय का माझं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वहिनीनेही बघितलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. कुठल्याही डॉक्टरने काही सांगितलेलं नाही, पाळणा मी चोरून मोडला, ती माझ्यासाठी खोटं बोलली. तीन वर्षं ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. समोर माझे सासरे होते, त्यांचे शेजारी होते, मी आता ऑफिसात हेड ट्रेसर झालो होतो.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

वहिनीने कुंची माझ्या मेहुणीच्या हातात दिली. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "मी आतलं बघते." थोड्या वेळाने मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. ती चुलीपाशी बसून घुगऱ्या परतत होती. तिने चार दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "मीठ बघा हो जरा." मी खाल्ले. बाहेर माझ्या मुलीच्या कानात मेहुणी नाव सांगत होती. मी म्हणालो, "बरोबर आहे मीठ."

वहिनीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझी बायको तिची आठवण रोज काढते. आणि कल्याणच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, असं तिला अजूनही वाटतं.